उपकाराची गाडी

आमच्या कोक-बेल गावात एकशे दहा उंबरे, हजारभर घोडे आणि एक मशीद. मशिदीत बांग मी देतो. आवाज माझा चिरका, पण पहाटे उठायला दुसरं कोणी तयार नाही, म्हणून हे पुण्य माझ्या वाट्याला आलं. गोड गळा खुदाने दिला तो आमच्या तुराट मोल्दोंना, म्हणजे मौलवींना. शुक्रवारी ते प्रवचनाला बसले की पहिली चार वाक्यं साधी बोलतात, मग बोलता बोलता त्यांचा सूर लागतो. एक ओळ ते गातात, मागून आम्ही सगळे ती धरतो. लाकडं फोडून आलेला माणूससुद्धा त्या सुरात विरघळतो. मी तर आठवडाभर त्या एका तासावर जगतो.

हे आधी सांगितलं, कारण गावातली दवाखान्याची गाडी बंद पडली ती निम्मी गिअरमुळे आणि निम्मी अशाच एका गोड प्रवचनामुळे.

गाडी म्हणजे पावाच्या लादीसारखी जुनी, करड्या रंगाची. ती चालवायला जोल्चुबेक पगारावर होता. गाडी गावाची, पगार गावच्या घरपट्टीतून. तिचं मुख्य काम सैरागुलबाईंना शहरात नेणं. बाईंनी चौतीस वर्षं गावातल्या पोरांना अक्षरं शिकवली आणि निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निवृत्त झाली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार शहरातल्या यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागतं. दोन तास उतार, चार तास यंत्र, दोन तास चढ. यंत्राची पाळी सकाळी आठची. गावातून जी खाजगी मिनीबस जाते ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि आमच्याकडे ती दुपारीच भरते.

कापणी संपल्यावर शाळेत गावसभा भरली. गावच्या कचेरीत पट्टी गोळा करणारी गुलबार्चिन कागद घेऊन उभी राहिली.

"गाडीचा गिअर गेलाय," ती म्हणाली. "तो बदलायचा, जोल्चुबेकदादांचा पगार चालू ठेवायचा, तर घरपट्टी थोडी वाढवावी लागेल. आणि ज्यांची पाहुण्यांची घरं कागदावर तबेले म्हणून लागली आहेत, त्यांनी ती..."

"घोडेही पाहुणेच असतात, पोरी!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळी सभा शायदिल्दाकडे बघून हसली.

शायदिल्दाच्या बारा खोल्यांत उन्हाळाभर परदेशी लोक उतरतात, आणि कागदावर तो तबेला आहे. पण माणूस कंजूष म्हणाल तर मुळीच नाही. बापाच्या वर्षाच्या जेवणाला त्याने तीन घोडे कापून पाच गावं जेवू घातली. द्यायला त्याला मनापासून आवडतं. फक्त कोणी मागितलेलं त्याला सोसत नाही.

तो उठला. त्याचे डोळे खरंच पाणावले होते.

"बाईंना न्यायला पगारी माणूस? अरे, कोणाचं घर बांधायचं तर गाव जमतं. कोणी गेलं तर गाव जमतं. आज प्रत्येकाच्या अंगणात गाडी आहे. ज्या बाईंनी आपला हात धरून पहिलं अक्षर काढवलं, त्यांच्यासाठी आपण भाड्याची माया आणायची? लाज नाही वाटत?"

आम्हाला लाज वाटली. आदल्याच शुक्रवारी मोल्दोंनी गायलेली ओळ सगळ्यांच्या कानात होती, 'शेजाऱ्याचं दार आधी, मशिदीचं दार मग.' कोणीतरी ती गुणगुणली, मोल्दोंनी सूर दिला, आणि घरपट्टीच्या सभेत अख्खं गाव गाऊ लागलं. मी बाहीने डोळे पुसले.

गुलबार्चिन एकटीच गात नव्हती. "बरं, मग निदान यादी करू," ती म्हणाली. "कोणत्या दिवशी कोण नेणार."

एक म्हातारबाबा काठी आपटून म्हणाले, "चांगुलपणाची यादी? नाव लिहून घेतलं की तो चांगुलपणा राहत नाही, हजेरी होते."

"वा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो. खुदा मला माफ करो.

शेवटी कोणाला तरी आठवलं की बाई सभेतच बसल्या आहेत. "बाई, तुमचं काय म्हणणं?" त्यांच्यासाठी नुकती रडलेली शंभर माणसं त्यांच्याकडे बघत होती. बाई म्हणाल्या, "तुमची मर्जी." आम्ही तो होकार धरला. मोल्दोंनी दुआसाठी हात वर केले, सगळ्यांनी केले, आणि आमीन म्हणून तोंडावरून फिरवले. आमच्याकडे हात तोंडावरून फिरले की गोष्ट पक्की. मग ती कोणी मागे घेत नाही, आणि वर केलेले हात दुआ पुरी झाल्याशिवाय खालीही येत नाहीत. मागच्या बाकावर जोल्चुबेकनेही बिचाऱ्याने फिरवले. चौथ्या दिवशी तो कामासाठी रशियाला गेला. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, इथे गरज सरलीही नव्हती.

पहिल्या मंगळवारी बाईंच्या फाटकासमोर सात गाड्या उभ्या राहिल्या. मी बांग देऊन परततो तो हा गोंधळ.

"बाई, इकडे या! माझ्या गाडीत हीटर आहे."

"त्याचा हीटर नुसता त्याचे पाय तापवतो, बाई. मागे बसाल तर गोठाल."

"आणि तुझं मागचं दार दोरीने बांधलंय ते सांग की!"

बाई सातांपैकी एकीत बसल्या आणि सहा घरं रुसली.

आमच्याकडची माया फुकट असते, पण ती घाईत नसते. एकाने जाताना दोन तास आपल्या बायकोच्या तक्रारी सांगितल्या आणि येताना न्याय मागितला. दुसऱ्याला मुलासाठी बाईंच्या भाचीचं स्थळ हवं होतं. तिसऱ्याने परतल्यावर आपल्या घरी थांबवलं, कारण गाडीतून आलेलं माणूस चहाशिवाय उतरवणं म्हणजे पाप. त्याच्या बायकोने पियाला भरला, रिकामा झाला की पुन्हा भरला. डॉक्टरांनी बाईंना दिवसाला मोजून दोन पियाले पाणी सांगितलेलं. पण जो पहाटे पाचला तुमच्यासाठी उठला त्याच्या घरच्या चहाला नाही कसं म्हणायचं? आणि उपकाराच्या घरी रिकाम्या हाताने जायचं कसं? बाई रात्रंदिवस मोजे विणू लागल्या. एका फेरीला एक जोड.

बाईंच्या आणि माझ्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी वयाने मोठा म्हणून सैरागुल मला बाइके म्हणते, म्हणजे दादा. एकदा मी म्हटलं, "सैरागुल, कशाला डोळे फोडतेस? लोक काही मागत नाहीत गं."

"म्हणून तर द्यावे लागतात, ओस्मोन बाइके," ती सुया न थांबवता म्हणाली. "मागितलं असतं तर एकदा देऊन मोकळी झाले असते."

दुसऱ्या आठवड्यात फाटकासमोर चार गाड्या होत्या, तिसऱ्यात दोन. पाचव्या आठवड्यात गुरुवारी बर्फ पडलं. मी मशिदीतून आलो तर बाई फाटकाशी उभ्या. जाड कोट, हातात पिशवी, पायाखाली बर्फ दाबून दाबून घट्ट झालेलं. म्हणजे बऱ्याच वेळच्या उभ्या होत्या.

"कोण येणार होतं?" मी विचारलं.

"कोण ते कसं सांगू? कोणीतरी येतंच."

माझ्याकडे गाढव आहे, गाडी नाही. मी दारं ठोठावत सुटलो. पहिल्या घरातला झोपेतून उठून म्हणाला, "बाई? त्यांना बोलोत नेणार होता ना?"

बोलोत म्हणाला, "मी? मी मंगळवारी नेलं की. आठवड्यात दोनदा पुढं पुढं केलं तर लोक म्हणतील हा मोठेपणा मिरवतो."

तिसऱ्याची बॅटरी गोठली होती. चौथा डोंगरात हरवलेल्या घोड्यामागे गेला होता. पाचव्याची बायको म्हणाली, "काल सांगितलं असतं तर."

काल कोण सांगणार? कोणाला? यादी तर आम्ही गाऊन गाऊन उडवून लावली होती. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमच्या बाई तर एकशे दहा घरच्या पाहुण्या.

परत आलो तोवर उजाडून गेलं होतं. बाई आत जाऊन बूट काढत होत्या. "राहू दे, बाइके. शनिवारी जाईन." एवढंच. पण शुक्रवारी सकाळपर्यंत त्यांचे डोळे सुजून फटीएवढे झाले आणि चार पावलं चालून त्या धापा टाकू लागल्या. मी त्या दिवशी प्रवचनात पहिल्यांदा ओळ धरली नाही. नमाज झाल्यावर मोल्दोंना आणि शायदिल्दाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

शायदिल्दा पांढराफटक पडला. "माझ्या गावात असं? उद्या मी स्वतः नेतो."

आणि शनिवारी पहाटे पाचाला त्याची ती मोठी जीप आली. गाद्या घातलेल्या, आतून तंदुरासारखी गरम. बाईंना धरायला म्हणून मीही बसलो. घाट उतरून पुलापाशी येतो तो रस्त्याच्या मधोमध एक माणूस हात पसरून उभा. शायदिल्दाचा व्याही.

"डोंगरावरून दिवे दिसले, ओळखलं मी!" व्याही खिडकीत वाकला. "माझ्या दारावरून जाणार आणि भाकरी मोडणार नाही?"

"बाई आजारी आहेत, व्याहीबुवा. येताना थांबतो."

"आजारी आहेत म्हणून तर! एक घास. उपाशी माणसाला शहरात नेतात का कोणी?"

आता व्याह्याच्या दारावरून भाकरी न मोडता जाणं म्हणजे लेकीच्या सासरी तिची मान कायमची खाली घालणं. शायदिल्दाने माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "तुमची मर्जी." आम्ही उतरलो. भाकरी आली, लोणी आलं, जर्दाळूचा मुरंबा आला, आणि उठावं म्हणतो तो अंगणात मेंढा कापल्याचं कळलं. कापलेला मेंढा टाकून कोण उठतो? घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! निघताना त्याने खरोखरच शायदिल्दाला भेट म्हणून एक शिंगरू दावणीचं सोडून दाखवलं, आणि त्याचे दात बघण्यात आणखी पाव तास गेला. बाई तोवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे तीन पियाले चहा गार होत होता, आणि विहीणबाई चौथा भरत होत्या.

शहरात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाईंच्या यंत्रावर दुसरा माणूस होता. त्याची पाळी होती, तो वेळेवर आला होता, त्यात कोणाची काय चूक? परिचारिकेने बाईंना तपासलं, डॉक्टरला बोलावलं, त्यांना खाटेवर घेऊन नळी लावली आणि सांगितलं की चार वाजता यंत्र रिकामं होईल.

आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी एक माणूस टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला होता. शायदिल्दाला गप्प बसवत नाही. त्याने त्याला हलवलं.

"कोणाला घेऊन आलात?"

"तिघांना. तेरेक-सायहून."

"नातेवाईक?"

"छे. एकाशी तर माझं भांडण आहे. कुरणाच्या हद्दीवरून."

"भांडण आहे, आणि पहाटे उठून त्याला आणता?" शायदिल्दाने त्याचा हात धरला. "शाबास! खुदा तुम्हाला मोठं फळ देईल. काय देतात हे लोक तुम्हाला?"

"हे कशाला देतील?" तो माणूस उठून बसला आणि त्याने शायदिल्दाकडे संशयाने पाहिलं. "गाडी गावाची आहे, म्हणजे त्यांचीच. मी नुसती चालवतो." आणि पुन्हा टोपी तोंडावर ओढली.

चार वाजेपर्यंत शायदिल्दा एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, मोल्दोंच्या वीस वर्षांच्या प्रवचनांनी झालं नाही ते आज झालं.

पण खुदा माणसाला एका दिवसात इतकंच शहाणपण देतो. पुढच्या आठवड्यात गुलबार्चिनने पुन्हा सभा घेतली. यंत्राची वेळ हुकल्याची गोष्ट गावभर झाली होती, सगळे माना खाली घालून बसले होते. तिने पट्टीचा कागद उघडला, तोच शायदिल्दा उठला.

"कागद मिट, पोरी. पट्टीबिट्टी काही नको. मी गाडी देतो! नवी, माझ्या पदरची. माझ्या बापाच्या नावाने. दारावर त्याचं नाव लिहू, आणि माझा पुतण्या ती चालवेल. बाईंसाठी!"

काय टाळ्या! गावाच्या छातीवरचा धोंडा उतरला. बाईही जगणार होत्या आणि पट्टीही वाढणार नव्हती. दोन्ही जगांत यापेक्षा जास्त कोणाला काय हवं? मोल्दोंनी डोळे मिटून दुआसाठी हात वर केले. शंभर जणांनी केले. मीही केले.

"थांबा," सैरागुलबाई म्हणाल्या.

त्या उभ्या होत्या, बाकाला धरून. हात त्यांनी वर केले नव्हते.

आता पंचाईत बघा. वर केलेले हात तसेच खाली आणता येत नाहीत, तो अपशकुन. आणि तोंडावरून फिरवले तर गोष्ट पक्की. सगळी सभा हात वर करून बसून राहिली, जशी काही पोलिसांनी धरली आहे.

"शायदिल्दा, बस," बाई म्हणाल्या. "तुझं मन मोठं आहे. मला ठाऊक आहे. पण ती गाडी मला नको."

"बाई, चालत जाणार का मग?" तो हात वर ठेवूनच कळवळला.

"तुझ्या गाडीत बसले तर उद्या तुझ्या बायकोशी माझं बिनसायला नको. तुझ्या पुतण्याचं लग्न असलं तर मी रक्त कधी धुवायचं ते तुम्ही ठरवणार. तुझ्या व्याह्याच्या दारात थांबायचं की नाही तेही तुम्ही. मी प्रत्येक वेळी म्हणायचं, तुमची मर्जी. पाच आठवडे म्हणत आले. अरे, चौतीस वर्षं मी घरपट्टी भरली. एक पैसा थकवला असेल तर गुलबार्चिनने सांगावं."

"नाही थकवला, एजे," गुलबार्चिन थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली. बाईंखेरीज सगळ्या सभेत तिचेच हात खाली होते, कारण त्यांत पेन होतं.

"मला माझ्या गाडीत बसायचंय. नसेल द्यायची तर तसं सांगा, मी फाटकाशी उभी राहणार नाही. घरातच बसेन. किती दिवस लागतात ते डॉक्टरांनी सांगितलंय मला."

मागून म्हातारबाबा कण्हले, "मोल्दो, लवकर काय ते करा. खांदा निखळला माझा."

"तुमचा खांदा निखळू दे थोडा, बाबा," बाई म्हणाल्या.

मोल्दोंचे डोळे उघडे होते आणि हात वर. दुआ कशाची मागायची? मी त्यांना इतकी वर्षं ऐकतोय, असे अडखळलेले कधी पाहिले नाहीत. मग त्यांनी खालच्या सुरात सुरुवात केली.

"पाऊस खुदाचा रे, पाट माणसाचा..."

आम्ही सवयीने ओळ धरली. हात वर होतेच.

"पावसाला कोण सांगतं, या रानात पड, त्या रानात पड? ती त्याची मर्जी. पण तेवढ्यावर सोडून आपले आजे घरी बसले नाहीत. त्यांनी पाट खणला. पाटाला चाऱ्या काढल्या, चारीला पाळी लावली. आणि पाटकरी ठेवला. त्या पाटकऱ्याला घराघरातून धान्य घातलं. का घातलं? तो फार दयाळू होता म्हणून? अरे, तो शिव्याळ होता! आम्हा पोरांना दगड मारायचा! पण विधवेची पाळी आली की विधवेच्या रानात पाणी, आणि शत्रूची आली की शत्रूच्या." इथे त्यांचा सूर चढला. "पाऊस खुदाचा रे, पाट माणसाचा! दया करा, दया करा, पण पाट बुजवून करू नका. मीच गायलो होतो तुमच्यापुढे शेजाऱ्याचं दार. दार दाखवलं, वाट बांधायला विसरलो. या खुदा, या गावाला पट्टी भरायची बुद्धी दे, तबेल्यांतून माणसं बाहेर काढ, आणि सैरागुल एजेंना त्यांच्या गाडीत बसव. आमीन!"

आणि हात तोंडावरून फिरवले.

शंभर जणांचे हात वरच होते. काय करणार? फिरवले. शायदिल्दाने इकडे तिकडे पाहिलं, एक लांब उसासा सोडला आणि त्यानेही फिरवले. "आमीन," गुलबार्चिन म्हणाली आणि कागदावर तारीख टाकली. गाडी दान देण्यासाठी वर केलेल्या हातांनी कर मान्य करणारं गाव आमच्याशिवाय दुसरं नसेल.

बाहेर पडताना कुरकुर झालीच. "मोल्दोंनी फसवलं," बोलोत म्हणाला. पण आमीन म्हटलेलं मोडायची छाती कोणाची नव्हती. शायदिल्दाचा तबेला कागदावर पाहुण्यांचं घर झाला. गिअर येऊन बसेपर्यंत तीन आठवडे गेले. तेवढे दिवस गुलबार्चिनने यादी लावली, मशिदीच्याच दारावर, आणि हजेरी घेतल्यासारखी घेतली. एकही फेरी चुकली नाही. म्हातारबाबांच्या नातवाचं नाव पहिलं होतं.

पगारावर नवा चालक आला, शेजारच्या गावचा मेदेर. बोलका नाही, हसरा नाही, सलाम केला तर मान हलवेल न हलवेल असा.

पहिल्या मंगळवारी मी फाटकाशी गेलो. शायदिल्दाही आला होता, म्हणाला, सहज आलो. करडी गाडी थांबली. मला वाटलं, आज बाई रडणार, दुआ देणार. बाईंनी पायरी चढता चढता काचेवर बोट फिरवलं आणि ते मेदेरच्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"चिखल."

"गुरुवारी नको मला. आणि सात मिनिटं उशीर झालाय."

"रस्त्यात मेंढ्या होत्या."

"मेंढ्या गुरुवारीही असतील. लवकर निघ."

मेदेरने मान हलवली न हलवली. दार लावून त्याने गाडी वळवली. मागच्या काचेतून बाई दिसत होत्या. शाळेच्या वळणापर्यंत गाडी पोचली नाही तोच त्यांचं डोकं एका बाजूला कललं, तोंड किंचित उघडं.

"झोपल्या?" शायदिल्दा म्हणाला.

"झोपल्या."

तो वळणाकडे बघत राहिला. मग दुखावल्या सुरात म्हणाला, "माझ्या जीपमध्ये गाद्या होत्या हो, ओस्मोन बाइके. त्यात नाही डोळा लागला त्यांचा."